बँकर, सीव्ही २९ आणि पहिली डीसीसी सिस्टीम: घाटाचा नवा अपडेट

मंडळी, माझ्या मॉडेल रेल्वेच्या घाटात दुधसागरच्या वळणावर परत बॉक्सएन (कोळशाची उघडी वॅगन) पडली. तीच ती, रेकच्या मधली रिकामी. पण या वेळी कारण हाताला लागलंय आणि त्याच कारणाने कुठली डीसीसी सिस्टीम (रुळातूनच प्रत्येक लोकोला वेगळी आज्ञा देणारी यंत्रणा) घ्यायची हा रेंगाळलेला प्रश्नही बराचसा सुटलाय, म्हणून लगेच लिहायला बसलो.

लेआउट मागच्या अपडेटमध्ये होतं तिथेच आहे, सीनरीला हात लावलेला नाही. खऱ्या ब्रागांझा घाटात कुळे ते कॅसलरॉक चढ ३७ ला १, मीही तोच ठेवलाय, म्हणजे तीन मीटरच्या लांबीत ८१ मिमी वर जायचं. मुरगाव बंदरातून कोळसा भरून वर चाललेला रेक, पुढे डब्ल्यूडीजी-४ डिझेल, मागे बँकर, म्हणजे मागून ढकलणारी लोको. ज्यांनी कुळ्याला उभं राहून बँकर लागताना बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, हा घाट बँकरशिवाय करण्यात अर्थच नाही. आणि म्हणून मला डीसीसी हवंय. साध्या डीसीवर रुळात जो व्होल्टेज तो सगळ्यांना सारखाच, पुढच्याला एक सांगायचं आणि मागच्याला दुसरं असं होत नाही.

वास्कोच्या मित्राने त्याचा जुना स्टार्टर सेट वापरायला दिला होता, नाव घेत नाही. पोरांना पहिली गाडी चालवायला द्यायला छान आहे, मोठी बटणं, जोडला की चालू. पण त्यातून लोकोचा फक्त पत्ता (ओळख क्रमांक) बदलता येतो. बाकीचे सीव्ही, म्हणजे लोकोतल्या डिकोडरच्या (आज्ञा ऐकून मोटर चालवणाऱ्या सर्किटच्या) सेटिंगचे आकडे, लिहिता येत नाहीत, आणि वाचायची तर सोयच नाही. मला आधी वाटलं होतं स्टार्टर म्हणून एवढं पुरे, दोन्ही लोकोंना एकच पत्ता दिला की एकाच नॉबवर दोन्ही चालतील. चालल्या पण! सपाटीवर. चढ लागला की गडबड सुरू. सुरुवातीच्या स्पीड स्टेप्सना बँकर जागचा हलत नाही, पुढचा एकटाच ओढत राहतो, सगळे कपलर ताणले जातात आणि वळणावर रिकामी वॅगन आतल्या बाजूला कलते. स्पीड थोडा वाढवला की बँकर एकदम जागा होतो आणि पुढच्यापेक्षा जोरात ढकलायला लागतो, कपलर दाबले जातात आणि तीच वॅगन आता बाहेरच्या बाजूला उचलली जाते. डोळे रुळाच्या लेव्हलला नेऊन बघितलं तर पुढचं चाक रुळाच्या कडेवर चढताना स्पष्ट दिसतं, फ्लँज (चाकाची बाहेर आलेली कड) क्षणभर रुळाच्या डोक्यावर चालते आणि मग खाली. वॅगनमध्ये वजन घातलं, चाकांचं गेज तपासलं, वळणाचा जॉइंट फाइल केला, तरी तेच.

मग लोको आणि प्रोग्रॅमिंगसाठी रुळाचा एक सुटा तुकडा घेऊन म्हापशाच्या मित्राकडे गेलो. त्याच्याकडे डीसीसी-ईएक्स आहे, म्हणजे आर्डुइनो मेगा, त्यावर मोटर शील्ड (रुळाला करंट देणारा बोर्ड), आणि लॅपटॉपवर जेएमआरआय हे सॉफ्टवेअर. प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर लोको ठेवली आणि त्यातल्या डिकोडरप्रोमधून सीव्ही वाचायला लावलं. हे ज्यांनी बघितलं नसेल त्यांनी एकदा बघाच. या ट्रॅकवर डिकोडरला उत्तर द्यायला दुसरा मार्ग नाही, तो मोटरला क्षणभर करंट देतो, साधारण ६ मिलिसेकंद, किमान ६० मिलिअँपची वाढ, आणि सिस्टीम ती वाढ ओळखून 'हो' समजते. त्यामुळे वाचताना लोको जागच्या जागी बारीक बारीक हिसके देते.

पुढच्या लोकोचा सीव्ही २९ आला ६. बँकरचा आला २२. इथेच सगळं उलगडलं! ६ म्हणजे २ अधिक ४, २८/१२८ स्टेप आणि अॅनालॉग चालू, बहुतेक डिकोडर असेच येतात. २२ मध्ये त्यावर आणखी १६ आहेत, म्हणजे स्पीड टेबल (कुठल्या स्टेपला किती स्पीड याचा तक्ता) चालू. बँकर मी सेकंडहँड घेतलेला, आधीच्या मालकाने सीव्ही ६७ ते ९४ मध्ये त्याच्या दुसऱ्या कुठल्या तरी लोकोशी जुळवलेलं टेबल भरून ठेवलं होतं, खाली अगदी सपाट आणि मधे एकदम चढ. टेबल चालू असलं की असे डिकोडर सीव्ही २, ५, ६ (सुरुवातीचा, टॉप आणि मधला स्पीड) कडे बघतच नाहीत. म्हणजे माझ्या वॅगनचा, रुळाचा, वजनाचा काही दोष नव्हता. वाचता येणारी सिस्टीम नसती तर मी अजून फाइल घासत बसलो असतो.

दोन्हींना सीव्ही २९ = २ लिहिला. १६ काढले आणि अॅनालॉगचे ४ पण काढले, ते का ते सांगतो. फोंड्यात पावसाळ्यात लाइट कशी जाते-येते माहीतच आहे, आणि अॅनालॉग चालू असलेला डिकोडर अशा झटक्यात रुळावर डीसी आहे असं समजून फुल स्पीडला सुटू शकतो. घाटाच्या कडेला ते परवडणार नाही. चार आकडी पत्ता वापरत असाल तर ३२ मिळवायचे, म्हणजे ३४. मग दोन्हींचे सीव्ही ३ आणि ४ (स्पीड हळूहळू वाढवणं-कमी करणं) शून्यावर आणले, दोन्ही लोको हातभर अंतर ठेवून एकामागे एक सोडल्या आणि सीव्ही २, ६, ५ या क्रमाने बँकरला पुढच्याशी जुळवत गेलो. आधी सुरुवात, मग मधला स्पीड, मग टॉप. शेवटी सीव्ही १९ ने कन्सिस्ट (दोन्ही लोको एकाच पत्त्यावर जोडून चालवणं), पुढच्याला १२, आणि आता बँकर उलट्या तोंडाने लावायचा असल्यामुळे त्याला १२ अधिक १२८, म्हणजे १४०.

घरी आणून रेक लावला. म्हापशाच्याने त्याचा मेगा पण बरोबर दिला होता, देव त्याचं भलं करो. रेक कुळ्याहून निघाला आणि वळणावर आला तेव्हा मी श्वास रोखून धरला होता. मधला एक कपलर मुद्दाम जवळून बघत होतो, ना पूर्ण ताणलेला ना दाबलेला, मधेच हलका लोंबकळत. रिकामी बॉक्सएन सरळ गेली. अख्खा रेक चालण्याच्या स्पीडने वर गेला. परत खाली आणला, परत वर नेला, घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला.

आता सिस्टीमचं. माझं मत आता पक्कं आहे: पहिली सिस्टीम घेताना किती लोको, किती फंक्शन हे नंतर बघा, आधी विचारा की ती सीव्ही वाचते का आणि कन्सिस्ट नीट करते का. सुरुवातीला मी एनसीई पॉवर कॅबवर जवळपास ठाम होतो. चांगली वस्तू आहे, वाचते, कन्सिस्ट करते, हातात धरायला खरा नॉब आहे, साधारण २ अँप देते आणि पुढे बूस्टर (जादा करंट देणारा बोर्ड) जोडता येतो. फक्त बाहेरून मागवताना आपल्या २३० व्होल्टला चालणारा अडॅप्टर बरोबर येतो का ते आधी लेखी विचारून घ्या, आणि कस्टम ड्यूटी धरूनच हिशोब करा. रोकोची काळी झेड२१ मस्तच, पण माझ्या बजेटबाहेर. पांढरी झेड२१ स्टार्ट घेणार असाल तर तिचं वायफाय अनलॉक करायचा कोड वेगळा घ्यावा लागतो, तो खर्च विसरू नका.

पण मेगा दोन-चार दिवस टेबलावर राहिल्यावर मन तिकडेच वळलं. पार्ट्स देशातच मिळतात, एक जळला तर तेवढाच बदलायचा. सॉफ्टवेअर फुकट आणि उघडं. अडचण शील्डची आहे, त्यातली एल२९८ चिप जवळपास २ व्होल्ट स्वतःच खाते आणि गरम होते, आणि डीसीसी-ईएक्स तिच्याकडून दीड अँपच घेते. चढावर दोन लोको ठीक, तिसरा साउंडवाला बँकर लावला की काठावर येणार. आणि बाहेरून १२ व्होल्टच्या वर देणार असाल तर शील्डचं व्हीइन (पॉवरची जोडणी) मेगापासून तोडायला विसरू नका, नाहीतर बोर्ड जाईल.

म्हणून ठरवलं होतं की मेगावर ईएक्स-८८७४ शील्ड लावू, ते चॅनलला ५ अँपपर्यंत देतं. पण हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं की डीसीसी-ईएक्सवाल्यांचाच ईएक्स-सीएसबी१ बोर्ड घेतला तर वायफाय आणि बूस्टर एकाच जागी येतात, मेगा, शील्ड आणि वायफायचा तुकडा जोडत बसायला नको. मेगा मग टर्नआउट (सांधे) हलवणाऱ्या सर्व्हो मोटरींसाठी वापरता येईल. तो बाहेरून मागवावा लागेल हे खरं, पण त्यातच काम भागतं. बहुतेक हेच करणार.

थ्रॉटल (स्पीड कंट्रोलर) म्हणून सध्या फोनवर इंजिन ड्रायव्हर हे अॅप. ठीक आहे, पण जूनमध्ये इथल्या दमट हवेत ओल्या बोटांनी स्लायडर सरकवणं म्हणजे त्रास, स्पीड भलतीकडेच उडी मारतो. घाटात नॉबच हवा. ईएसपी३२ (वायफायवाली चिप) आणि रोटरी एन्कोडर (फिरवायचा नॉब) वापरून वायथ्रॉटल प्रोटोकॉलवर बोलणारा हँडसेट घरी बनवायचा विचार आहे. एन्कोडर पणजीत मिळाला, क्लिकवाला आहे, मला बिनक्लिकचा हवा होता, बघू.

चवथीला घरी पाव्हण्यांची गर्दी असते, त्याआधी तिसरी लोको, म्हणजे दुसरा बँकर लावायचाय. यार्ड आणि घाट वेगळे पॉवर डिस्ट्रिक्ट (वेगळा वीजपुरवठा असलेले भाग) करणार, म्हणजे यार्डात कोणी शॉर्ट केलं तर चढावरचा रेक थांबायला नको. मग सगळ्या रुळांवर नाणं ठेवून शॉर्ट टेस्ट, दर फीडरजवळ (रुळाला करंट देणाऱ्या वायरजवळ).

एक गोष्ट अजून छळतेय. कन्सिस्टमध्ये दोन्ही डिकोडरचा बॅक-ईएमएफ (मोटरचा वेग ओळखून तो कायम ठेवायची सोय) चालू असला की अगदी हळू स्पीडला एकमेकांशी भांडल्यासारखे किंचित झटके येतात. दोन्ही ईएसयू कंपनीचे आहेत, बँकरचा सीव्ही ५४ आणि ५५ कमी करून बघतोय. कोणी चढावर तीन लोको अशा चालवल्या असतील तर आकडे टाका, शक्यतो मोटर कुठली तेही लिहा.