सहा-सात-आठची सकाळ

"पर्स इथंच होती गं," मावशी म्हणाल्या. एक हात खुर्चीच्या पाठीवर, दुसऱ्या हातात कागदी कप, त्यात नुकताच केलेला मसाला चहा. पुढचा अर्धा तास त्यांनी तो कप खाली ठेवला नाही आणि प्यायल्याही नाहीत.

मागच्या जूनमधला शनिवार. मी १४ वर्षं टूर मॅनेजर म्हणून युरोपच्या ग्रुप टूर्स करते आहे. आमचा दिवस सहा-सात-आठवर चालतो: सहाला वेक-अप कॉल, सातला ब्रेकफास्ट, आठला कोच सुटणार. फिरणाऱ्या मराठी माणसाला हे आता पाठ झालंय. पण हा आठचा आकडा टूर मॅनेजरचा हट्ट आहे असं बहुतेकांना वाटतं. तो ड्रायव्हरच्या घड्याळाचा असतो. युरोपात ड्रायव्हरला दिवसाला ९ तासच गाडी चालवता येते, आठवड्यातून फक्त दोनदा १०. साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि रात्रीच्या विश्रांतीचे तासही ठरलेले. सगळं टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात नोंदलं जातं, त्यात हातचलाखी चालत नाही. त्या दिवशी आम्हाला पॅरिसहून स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नला जायचं होतं. सहाशेहून जास्त किलोमीटर. आठाचे साडेदहा झाले तर वाटेतलं काय गाळायचं, हे मी पर्स गेल्याचं कळल्यापासून दहाव्या मिनिटाला मोजत होते. एकीकडे मावशींचा हात धरला होता आणि डोक्यात किलोमीटर चालले होते. हे मला अजून आठवतं आणि बरं वाटत नाही.

पॅरिसचं माझं ब्रीफिंग आमच्या कंपनीत नावाजलेलं आहे. नव्या मुलांना ते ऐकायला बसवतात. विमानतळावरून हॉटेलला जाताना कोचमध्ये माइक घेऊन मी पाऊण तास तेवढंच सांगते. मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर माणूस हसत पुढे येईल, बोटात दोरा अडकवेल, बोलता बोलता त्याचं कडं विणेल आणि मग पैसे मागेल. तिथं हात खिशात घालून चालायचं. पॅड घेऊन मुली येतील, मूकबधिरांसाठी सही करा म्हणतील. तुम्ही सही करता तेवढ्यात दुसरी तुमच्या बॅगेत हात घालते. सीन नदीच्या काठावर कुणीतरी तुमच्या पायाजवळून सोन्याची अंगठी उचलेल आणि तुमचीच का विचारेल. आयफेल टॉवरच्या आसपास तीन वाट्यांचा खेळ मांडलेला असेल. भोवती उभे राहून जिंकणारे सगळे त्यांचेच. मेट्रोत दाराजवळ मोबाइल काढायचा नाही, कारण दार बंद होता होता तो हातातून जातो. आणि कुणाला अतिशयोक्ती वाटली, तर मी सांगते की २०१३च्या एप्रिलमध्ये खिसेकापूंना कंटाळून लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं होतं आणि एवढं मोठं संग्रहालय दिवसभर उघडलं नव्हतं. २०१५च्या मे महिन्यात आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही ह्याच कारणासाठी काही तास काम थांबवलं. एवढं ऐकल्यावर कोच गप्प होतो. लोक पोटाला पाउच बांधतात आणि तीन दिवस पोटावर हात ठेवून फिरतात.

पासपोर्ट ज्याचा त्याच्याजवळ, हा माझा नियम. माझे काही सहकारी सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून स्वतःच्या बॅगेत ठेवतात. मला ते कधीच पटलं नाही. एक बॅग गेली तर एका मावशीऐवजी ४२ जण अडकतील.

काका-मावशी कराडचे. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मावशी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. माझ्या सूचना त्यांनी वहीत उतरवून घेतल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मेट्रोत एका कृष्णवर्णीय तरुणानं उठून मावशींना जागा दिली. मावशी बसल्या नाहीत. पाउच दोन्ही हातांनी धरून त्या काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. वर आल्यावर मला म्हणाल्या, "बघ, लक्षात ठेवलं की नाही तुझं?" मी म्हटलं, "शाब्बास मावशी."

त्या "शाब्बास"पाशी मी हल्ली फार वेळा येऊन थांबते.

शुक्रवारी दुपारी बुलेव्हार ओसमानवर शॉपिंग. तिथल्या मोठ्या दुकानांत १०० युरोंच्या वर खरेदी झाली की परदेशी पर्यटकाला टॅक्स परत मिळतो. त्याचा फॉर्म करायला पासपोर्ट दाखवावा लागतो. सकाळी मीच माइकवर सांगितलं होतं, "परफ्यूम घेणाऱ्यांनी पासपोर्ट हाताशी ठेवा, रांगेत कपडे वर करून पाउच काढत बसू नका." मावशींनी सुनेसाठी आणि मुलीसाठी परफ्यूम घेतलं, फॉर्म केला. पासपोर्ट आणि फॉर्म दोन्ही पर्समध्ये गेले आणि तिथंच राहिले. हॉटेलवर परतल्यावर "पासपोर्ट पुन्हा पोटाशी" असं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी दुसऱ्या दिवशीच्या सामानाबद्दल बोलले.

हॉटेल पॅरिसच्या बाहेर, विमानतळाच्या बाजूला. सगळ्या देशांचे ग्रुप तिथंच उतरतात. सकाळी सातला ब्रेकफास्ट हॉलमध्ये तीन-तीन कोचची माणसं एकदम घुसतात. दारात रूम नंबर विचारायला माणूस असायला हवा, आमच्या करारातही ते लिहिलेलं असतं. त्या दिवशी दारात कुणी नव्हतं. आदल्या दोन दिवशीही नव्हतं आणि मी ते पाहिलं होतं. ४२ माणसांना रांगेत उभं राहावं लागत नाही, ह्याचं मला तेव्हा बरंच वाटलं होतं.

तिथलं कॉफीचं मशीन अवघड होतं. गरम पाण्याचं बटण वेगळं, ते दाबून धरायचं, आणि सोडलं की पाणी थांबतं. आमच्या बायका घरून चहाचे सॅशे आणतात, त्यांना नुसतं गरम पाणी हवं असतं. पहिल्या दिवशी मावशींच्या हातावर पाणी सांडलं. तिसऱ्या दिवशी त्या साऱ्या ग्रुपला मशीन शिकवत होत्या, शाळेत शिकवावं तसं, "बटण दाबा, धरा, आता सोडा."

साधारण सात वीसला मावशी स्वतःचा चहा करत होत्या. शेजारी निळा ब्लेझर घातलेला, पन्नाशीचा, चाकांची छोटी बॅग हाताशी असलेला एक गृहस्थ आला. "बोंजूर" म्हणाला. मावशींनीही "बोंजूर" म्हटलं, मीच शिकवलेलं. त्यानं मशीनकडे आणि आपल्या कपाकडे खूण केली, खांदे उडवले. मावशींनी त्याला बटण दाखवलं. त्याच्या लक्षात येईना, म्हणून त्याचा कप धरून पाणी भरून दिलं. तो दोनदा "मेर्सी" म्हणाला. काका तेव्हा ब्रेड भाजायच्या रांगेत होते. मावशी टेबलाशी परतल्या तेव्हा खुर्चीच्या पाठीवर पर्स नव्हती, आणि त्यांनी मागे वळून बघितलं तेव्हा तो गृहस्थही नव्हता.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, कॅमेऱ्याचं चित्रण फक्त पोलिसांना दाखवता येईल. ते नियमानं बरोबर होतं. पण तिनं "आमच्याकडे असं कधी होत नाही" असंही म्हटलं, आणि मागून सामान वाहणारा मुलगा मला हळूच म्हणाला की ह्या उन्हाळ्यातलं हे पहिलं नाही. मग दारातली खुर्ची रिकामी का ठेवता? हे मी मॅनेजरला तोंडावर विचारलं. त्यानं खांदे उडवले. त्या सकाळी दुसऱ्यांदा कुणीतरी खांदे उडवत होतं.

मुंबईत तेव्हा अकरा वाजले होते, ऑफिस उघडं होतं. साहेबांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, कोच किती वाजता सुटेल. त्यांनाही दोष देत नाही, मीही तेच मोजत होते. पण आमच्या ऑफिसबद्दल एक सांगायलाच हवं. सगळ्या गेस्टना एकाच लाल रंगाच्या, लोगोवाल्या बॅगा देतात. काउंट घ्यायला सोपं जातं. चोरालाही सोपं जातं, ही माणसं नवी आहेत आणि ह्यांच्याजवळ रोख युरो आहेत हे त्याला हॉलच्या दारातूनच दिसतं. मी चार वर्षं हे मीटिंगमध्ये सांगते आहे. ब्रँडिंगच्या नावाखाली बॅगा चालूच आहेत.

पोलीस ठाण्यात दोन तास गेले. माणसं भली होती. तिथल्या बाईंनी मावशींना आधी खुर्ची आणि पाणी दिलं, मग माझ्या इंग्रजीवरून फ्रेंचमध्ये जबाब लिहून घेतला. हॉटेलमध्ये जाऊन आलेला त्यांचा सहकारी आम्ही तिथं असतानाच परतला. तो म्हणाला, दोघं होते. एक मशीनजवळ, दुसरा टेबलाजवळ, दोघांचे कपडे ऑफिसला निघाल्यासारखे, आणि दोघं एका कोचच्या ग्रुपबरोबर आत शिरले होते. मावशींनी मला भाषांतर करायला सांगितलं. मी केलं. त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे त्याला येत होतं मशीन."

आता खरा प्रश्न. पासपोर्टबरोबर शेंगेन व्हिसाही गेला, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो तो. भारतात परतायला दूतावासाकडून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं; पोलिसांचा कागद, फोटो, जुन्या पासपोर्टची प्रत आणि तिकीट एवढं लागतं, आणि ते फक्त घरी जाण्यापुरतंच असतं. प्रत माझ्या फोनमध्ये होती, सगळ्यांचीच असते. पण शनिवार होता. पॅरिसचा आपला दूतावास सोमवारी उघडणार. तातडीच्या नंबरवर फोन लागला, त्यांनी सगळं नीट समजावलं, पण कागद सोमवारीच. मावशींना पोलिसांच्या कागदावर कोचमधून स्वित्झर्लंडला न्यायचं आणि बर्नच्या दूतावासात कागद करायचा, हा दुसरा रस्ता होता. कोचमधल्या दोघा-तिघांनी तसा आग्रहच धरला. "शेंगेनमध्ये कोण बघतंय?" खरंच, बहुतेक वेळा कुणी बघत नाही. पण बाझेलजवळ स्विस कस्टमचे लोक कधीकधी कोच बाजूला घेतात, हे मी पाहिलंय. पासष्टीच्या बाईला विनापासपोर्ट सीमेवर उतरवलं तर मी काय करणार होते? मी नाही म्हटलं. काका-मावशी पॅरिसलाच थांबतील असं ठरवलं. काकांचा पासपोर्ट त्यांच्या पोटाशीच होता, त्यांना मी "तुम्ही पुढे येऊ शकता" असं सांगितलंसुद्धा, कारण सांगावं लागतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं बोलले नाही.

आम्ही पॅरिसमध्ये जिथं जेवतो त्या रेस्टॉरंटचे मालक पंजाबी. नऊ वर्षं माझे ग्रुप तिथं जेवतायत. मी फोनवर सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, "आंटीजी को मैं देख लूँगा, आप बस लेकर जाओ." त्यांचा मुलगा तासाभरात व्हॅन घेऊन आला. विम्यातून हॉटेलचे पैसे मिळतील, हे मी काकांना दोनदा सांगितलं. ते त्यांना ऐकायचं नव्हतं.

साडेदहाला कोच सुटला. मावशींनी खिडकीशी येऊन मला प्लास्टिकची पिशवी दिली. त्यात दोघांचे थर्मल, हातमोजे, कानटोप्या. "तिथं कुणाला लागल्या तर दे." कोच वळेपर्यंत दोघं हॉटेलच्या दारात उभे होते.

हमरस्त्याला लागल्यावर मागून एक गेस्ट म्हणाले, "मेट्रोत होते तसलेच काळे असणार." मी माइक घेतला आणि पोलिसांनी सांगितलेलं जसंच्या तसं सांगितलं. निळा ब्लेझर, चाकांची बॅग, बोंजूर. सांगता सांगता मला माझं स्वतःचं ब्रीफिंग ऐकू येत होतं. पाऊण तासात मी दोरेवाल्याचा रंग सांगते, पॅडवाल्या मुलींचे झगे सांगते. ब्लेझर एकदाही येत नाही. ज्या पोरानं मावशींना जागा दिली त्याच्यापासून त्यांनी पर्स वाचवली, आणि ज्यानं घेतली त्याचा कप भरून दिला. दोन्ही वेळा त्या माझ्या शब्दाबाहेर गेल्या नव्हत्या.

सोमवारी आम्ही टिटलिसवर होतो. तीन हजार मीटरवर, फिरत्या केबल कारमधून उतरून सगळे बर्फात गेले. मी कडेला येऊन मावशींना व्हिडिओ कॉल लावला. त्या दूतावासाबाहेर उभ्या होत्या, सर्टिफिकेट हातात आलं होतं. तो कागद त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरला, मी त्यांना बर्फ दाखवला. "अहो, या ना, बघा," त्या काकांना म्हणाल्या. काका आले, बघून गेले. मंगळवारी दोघं मुंबईच्या विमानात बसले.

नंतर ऑफिसनं मला सूचनांचा नवा कागद करायला सांगितलं. दोन ओळी लगेच लिहिल्या: टॅक्स फॉर्म झाला की पासपोर्ट त्याच रात्री पोटाशी, आणि ब्रेकफास्टला पर्स मांडीवर, खुर्चीला नाही. ब्रीफिंगमधून रंग आणि झगे काढून टाकले, आता फक्त हात काय करतात ते सांगते. तिसरी ओळ साहेबांनी सुचवली होती: हॉटेलमध्येही अनोळखी माणसाला मदत करू नये. ती मी तीनदा लिहिली आणि तीनदा खोडली. मावशींना फोन करून विचारलं, लिहू का? त्या म्हणाल्या, "शाळेत आम्ही असं लिहीत नव्हतो गं." मग पुन्हा म्हणाल्या, "पण तुझं काम वेगळं आहे. तू बघ."

कागद तसाच अर्धा आहे. सप्टेंबरच्या टूरला, दुसऱ्याच हॉटेलात, नाशिकच्या एक आजी मशीनपाशी एका जपानी बाईंना बटण समजावत होत्या. त्यांची लाल बॅग खुर्चीलाच होती. मी त्यांना हाक मारली नाही. बॅग उचलली, काखेत धरली आणि त्यांचं शिकवून होईपर्यंत खुर्चीमागे उभी राहिले.