एका नोंदणी क्रमांकासाठी आठ महिने

पुराजीव महाकल्पाच्या अखेरच्या, म्हणजे पर्मियन काळातल्या चुनखडकातून काढलेल्या चाळीस ब्रॅकिओपॉडांची, म्हणजे दोन झाकणांचा शिंपला असलेल्या समुद्री प्राण्यांच्या जीवाश्मांची, ओळख पटवायला घेतली, तेव्हा बहुतेक वेळ दगड फोडण्यात आणि सुईने शिंपले मोकळे करण्यात जाईल असे वाटले होते. ते काम सहा आठवड्यांत उरकले. पुढचे आठ महिने मात्र संग्रहालयातल्या एका नमुन्याच्या केवळ नोंदणी क्रमांकावाचून गेले.

माझे बरेचसे नमुने प्रॉडक्टिड गटातले होते. या प्राण्यांचे एक पुट, म्हणजे शिंपल्याचे एक झाकण, फुगीर, दुसरे आत दबलेले आणि अंगावर काट्यांची खुंटे असतात. बाहेरून दोन वंश हुबेहूब सारखे दिसू शकतात. फरक कळतो तो दबलेल्या पुटाच्या आतल्या बाजूला, बिजागरीच्या मध्यावरील ज्या लहानशा उंचवट्याला शिंपला उघडणारे स्नायू चिकटलेले असत, त्याच्या ठेवणीवरून. एकोणिसाव्या शतकात अशा अनेक शिंपल्यांना प्रॉडक्टस हे एकच वंशनाम दिले जाई आणि मला हव्या असलेल्या जातीच्या मूळ वर्णनात फक्त बाहेरचे चित्र होते. म्हणून ज्या नमुन्यावरून तिचे नाव ठेवले गेले, तो होलोटाइप पाहण्याला पर्याय नव्हता.

तो ज्या संग्रहालयात आहे, तिथे मी छायाचित्रांसाठी अर्ज केला. नोंदणी क्रमांक कळवा, असे उत्तर आले. जुन्या ग्रंथात केवळ चित्रफलकाचा आणि आकृतीचा क्रमांक छापलेला होता. तो कळवला, तर पुन्हा तेच एका ओळीचे उत्तर आले. तिसऱ्या पत्राला उत्तरच नाही. जो क्रमांक त्यांच्याच नोंदवहीत आहे, तो बाहेरच्या माणसाने कुठून आणायचा, याचा मला आजही राग येतो. अखेर त्याच गटाची फेरतपासणी करणाऱ्या एका नंतरच्या लेखात, चित्रांखालच्या बारीक टिपेत तो सापडला. क्रमांक पाठवल्यावर नवव्या दिवशी छायाचित्रे आली.

दगडावर चिकटवलेल्या पिवळट चिठ्ठीवर फिकट शाईतला तोच क्रमांक होता. फुगीर पुटाची एक कड फुटलेली होती, चित्रकाराने ती अखंड दाखवली होती, आणि त्या फटीतून तीन पाळ्यांचा उंचवटा स्वच्छ दिसत होता. माझ्या नमुन्यांतही तो तसाच आहे. त्या दिवशी झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही.

म्हणून पहिले पत्र लिहिण्याआधी नंतरच्या लेखांतील चित्रटिपा वाचून काढाव्यात. छायाचित्रे मागवताना नमुन्यावर अमोनियम क्लोराइडचा पांढरा थर देण्याची विनंती करावी, त्याने बारीक रेषाही उठून दिसतात. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: खडक विरघळवून शिंपला मोकळा करण्यासाठी नमुना आम्लात बुडवायचा तो शिंपल्याची जागा सिलिकाने घेतली असेल तरच. कोपऱ्यावर थेंब टाकून पाहावे. शिंपलाही फसफसला तर तो खडकाबरोबरच विरघळेल. माझे दोन चांगले नमुने असेच गेले.