जिमनीमागे ट्रेलर जोडताना आधी नाकावरचं वजन मोजा

खडकवासल्याला कयाक न्यायची, सासवडच्या शेतावर पाइप आणि रोपं पोचवायची किंवा पवनेच्या काठावर तंबूचं सामान न्यायचं, तर छोट्या फोर बाय फोरमागे (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीमागे) ट्रेलर लावणं सोयीचं पडतं. जिमनी, थार, जुनी जिप्सी या चेसिसवर (खालच्या स्वतंत्र लोखंडी सांगाड्यावर) बांधलेल्या गाड्या, त्यामुळे त्या ओढतात चांगलं. मात्र ‘ही गाडी किती ओढेल’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. त्याआधी बघायचं ते असं की गाडी ट्रेलरसकट थांबेल का आणि मागचं वजन तिला हलवेल का. गाडी हलकी आणि तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) आखूड, म्हणून मागचा ट्रेलर तिला सहज फिरवू शकतो.

जिमनीचे आकडे घेऊ. पाच दारांची जिमनी रिकामी सुमारे १,२०० किलोची, पूर्ण भरून कमाल १,५४५ किलो. व्हीलबेस २,५९० मिमी, तीन दारांच्या थारचा २,४५०, जिप्सीचा २,३७५. भारतात तयार होऊन ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या याच जिमनीला तिथे ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी १,३०० किलो आणि ब्रेक नसलेल्यासाठी ३५० किलोची मर्यादा आहे. यातला मोठा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. प्रत्यक्षात आपल्याकडे वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेल्या बहुतेक छोट्या ट्रेलरला ब्रेक नसतातच, तेव्हा आपला आकडा ३५०, आणि तोही ट्रेलरच्या स्वतःच्या वजनासकट. अँगल आणि पत्र्याचा ट्रेलर रिकामाच दीडशे-दोनशे किलो भरतो. उरलं काय, तर दीडशे ते दोनशे किलो माल. पाचशे लिटरची भरलेली टाकी म्हणजे नुसतं पाणीच पाचशे किलो. ती ब्रेक नसलेल्या ट्रेलरवर जिमनीमागे न्यायची नाही. तुमच्या गाडीच्या भारतीय मॅन्युअलमध्ये ट्रेलरबद्दल जे लिहिलंय ते आधी वाचा. परदेशी आकडा दाखवून इथे वॉरंटी किंवा विम्याचा दावा करता येणार नाही.

आता नाकावरचं वजन. ट्रेलरचा कपलर (पुढच्या दांड्याच्या टोकाची पकड) गाडीमागच्या बॉलवर (तिला अडकवायच्या लोखंडी गोळ्यावर) जितका भार खाली टाकतो, ते हे वजन. छोट्या ट्रेलरला ते एकूण वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के असावं; म्हणजे ३५० किलोच्या ट्रेलरला २५ ते ३५ किलो. बॉल ज्यावर बसतो त्या टो-बारवर कमाल मर्यादा कोरलेली असते, ती ओलांडायची नाही. मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी उभा करा, चाकांना पुढूनमागून ठोकळे लावा, काट्यावर लाकडाचा असा तुकडा उभा ठेवा की कपलर बरोबर बॉलच्या उंचीला येईल, आणि मग कपलरचा भार त्यावर सोडा. मोजताना ट्रेलर आडवा, समपातळीत हवा. नाक वर किंवा खाली असेल तर आकडा चुकतो.

वजन कमी-जास्त करायचं तर माल सरकवायचा. ॲक्सलपासून (चाकांच्या आसापासून) कपलरपर्यंत अंतर २ मीटर असेल आणि १०० किलोची वस्तू ॲक्सलवरून अर्धा मीटर पुढे सरकवली, तर नाकावर २५ किलो वाढतात. तीच वस्तू अर्धा मीटर मागे सरकवली तर २५ किलो कमी होतात, आणि हलक्या ट्रेलरला तेवढ्यात नाक उचललं जातं. जड माल ॲक्सलवर किंवा किंचित पुढे, तळाला. हलका माल वर. शेपटाला जड वस्तू कधीच बांधू नये, कारण एकूण वजन तेच राहिलं तरी दोन टोकांना वाटलेलं वजन एकदा झुलायला लागलं की लवकर थांबत नाही.

नाकावरचे ३५ किलो गाडीच्या हिशेबातही येतात, हे बहुतेक जण विसरतात. १,५४५ वजा १,२०० म्हणजे ३४५ किलो. चार माणसं २८० धरा, नाकावर ३५, उरले ३०. त्यात स्टीलचा बंपर, रूफ कॅरिअर किंवा विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचं यंत्र) बसवली असेल तर हिशेब आधीच संपलेला असतो. शिवाय बॉल मागच्या ॲक्सलच्या मागे असतो. तो ९०० मिमी मागे धरला तर ३५ किलोमुळे पुढच्या चाकांवरचा सुमारे १२ किलो भार कमी होतो आणि मागच्या चाकांवर ४७ वाढतो. ३५ वर हे चालतं. मात्र नाकावर ८०-९० किलो टाकले तर स्टिअरिंग हलकं लागायला लागतं आणि समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत आपले दिवे जातात. मागच्या टायरमध्ये हवा दाराजवळच्या स्टिकरवरच्या ‘पूर्ण भार’ या रकान्याप्रमाणे भरायची.

टो-बार चेसिसच्या दोन्ही दांड्यांना बोल्टने बसलेला हवा. बंपरला किंवा नुसत्या क्रॉस मेंबरला (चेसिसच्या आडव्या दांडीला) वेल्ड केलेला चालणार नाही. गाडी ओढून काढायचा मागचा हुक म्हणजे टो-बार नव्हे. तो सरळ ओढीसाठी असतो, वरून पडणाऱ्या भारासाठी नाही. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: चिखलात रुतलेली गाडी काढताना पट्टा टो-बॉलला अडकवू नका. बॉल तुटला तर तो गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं दगावलेली आहेत.

बॉल आणि कपलर एकाच मापाचे हवेत. ५० मिमीच्या कपलरखाली ४७-४८ मिमीचा, म्हणजे पावणेदोन इंचाहून किंचित मोठा जुना बॉल बसतो, कडीही लागते, आणि पहिल्या मोठ्या स्पीडब्रेकरवर निसटतो. पुण्यातल्या सोसायट्यांच्या दारातले स्पीडब्रेकर लक्षात घेता ही शंका जोडतानाच मिटवायची: कडी लावल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून कपलर वर उचला, गाडीची मागची बाजू थोडी वर आली पाहिजे. नुसता कपलर वर आला तर तो बसलेलाच नाही.

साखळ्या दोन, कपलरच्या खालून एकमेकींना छेदून. अशा लावल्या की कपलर निसटला तरी तो साखळ्यांच्या फुलीत अडकतो, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताण येणार नाही एवढी ढील हवी, पण जमिनीला घासेल एवढी नको. ब्रेक असलेल्या ट्रेलरला ब्रेकअवे केबल (ट्रेलर सुटला तर त्याचे ब्रेक लावणारी) वेगळी लागते, आणि ती साखळीच्या हुकात अडकवायची नाही.

वायरिंगमध्ये नव्वद टक्के त्रास अर्थचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचा असतो. सात पिनांच्या प्लगमध्ये १ डावा इंडिकेटर पिवळा, २ फॉग निळा, ३ अर्थ पांढरा, ४ उजवा इंडिकेटर हिरवा, ५ उजवा टेल तपकिरी, ६ ब्रेक लाल, ७ डावा टेल काळा. इंडिकेटर दिला की टेललाइटही लुकलुकत असेल तर बल्ब बदलत बसू नका, पांढरी वायर बघा. कपलरमधून अर्थ मिळतो या भरवशावर राहू नये, मध्ये ग्रीस असतं. नव्या गाड्यांत मागच्या दिव्याची वायर सोलून जोड देऊ नका. रिले बॉक्स लावून वीज थेट बॅटरीतून फ्यूजसकट घ्या.

आता घाट. दिवे घाट असो की कात्रजच्या बोगद्यातून नवले पुलाकडचा उतार, चढणं हा इंजिनचा प्रश्न आणि तो सुटतो. उतरणं ब्रेकचा प्रश्न. २०० मीटर उंचीवरून वेग न वाढू देता उतरताना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, ती ताशी ६० वरून १४ वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. माणसांसकट १,३५० किलोच्या जिमनीमागे ब्रेक नसलेला ३५० किलोचा ट्रेलर असेल, तर त्याची २६ टक्के जास्त उष्णता गाडीच्याच ब्रेकवर येते, आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, ते उष्णता सावकाश सोडतात. म्हणून उतार सुरू होण्याआधीच दुसऱ्या गिअरमध्ये या, ऑटोमॅटिक असेल तर ‘२’ वर. वेग वाढला की एकदा ठाम ब्रेक दाबून कमी करा आणि पाय पूर्ण काढा. पाय सतत टेकवून ठेवणं वाईट. न्यूट्रल तर कधीच नाही.

ओव्हररन ब्रेकचा ट्रेलर (कपलर मागून दाबला गेला की ज्याचे ब्रेक आपोआप लागतात तो) असेल तर एक अडचण वेगळी आहे. इंजिन गाडीला अडवतं, ट्रेलर मागून कपलर दाबतो, आणि त्याचे ब्रेक उतारभर अर्धवट लागून राहतात. लांब उतारानंतर थांबून ड्रम तपासा. हात लावू नका. जवळ नेला तरी कळतं.

डुलणं सुरू होतं ते बहुतेक वेळा उतारावर, वेगात, आणि शेजारून बस किंवा कंटेनर गेला की. तेव्हा स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर सोडा, वेग आपोआप उतरू द्या. डुलण्याच्या उलट स्टिअरिंग फिरवायला जाल तर आपण नेहमी अर्धा सेकंद उशिरा असतो आणि झोका वाढतो. गाडीचे ब्रेक जोरात दाबले तर ट्रेलर गाडीला आडवं पाडू शकतो. ॲक्सिलरेटर दाबला की सरळ होतं असं सांगणारे भेटतील; क्षणभर होतंही, पण मग तेच जास्त वेगात पुन्हा सुरू होतं. इलेक्ट्रिक ब्रेकचा कंट्रोलर असेल तर फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा, हाच सगळ्यात चांगला उपाय. एकदा डुलला तर थांबून माल पुढे सरकवा. नुसता वेग कमी ठेवून पुढे जाणं म्हणजे कारण तसंच ठेवणं. महामार्गावर ६० च्या वर आणि घाटात ४० च्या वर जाण्याची गरज नाही.

अर्धी भरलेली पाण्याची टाकी सगळ्यात वाईट. ब्रेक लावला की पाणी पुढे येऊन नाक दाबतं, सुटलं की मागे जाऊन उचलतं. टाकी पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामी न्या, किंवा आत आडव्या पट्ट्या असलेली घ्या.

कच्च्या रस्त्यावर ट्रेलरच्या चाकांमधलं अंतर गाडीइतकंच असलं की तो आपल्याच चाकोरीतून येतो. नवीन बनवून घेणार असाल तर हब (चाक ज्यावर बसतं तो भाग) ५ बोल्टचा, १३९.७ मिमी पीसीडीचा (बोल्टच्या वर्तुळाच्या व्यासाचा) घ्या आणि टायर १९५/८० आर १५. म्हणजे जिमनीचीच स्टेपनी ट्रेलरलाही बसते. ट्रेलरचा पुढचा दांडा लांब ठेवायला सांगा. आखूड दांड्याचा ट्रेलर रिव्हर्समध्ये क्षणात दुमडतो. रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा, मग हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर जातो. चढावर रिव्हर्स घ्यायची वेळ आली तर हाफ क्लचवर रेटू नका. माती-मुरूम असेल तर लो रेंज (फोर बाय फोरची हळू पण जास्त ताकदीची गिअर) लावा, जिमनीत ती गिअरची ताकद दुप्पट करते. कोरड्या डांबरावर मात्र लो रेंजमध्ये वळू नका, पुढचा-मागचा ॲक्सल एकमेकांत ताण धरतात.

बेअरिंग घट्ट करताना चाक फिरवत नट आवळा, मग इतकाच सैल करा की किंचित खेळ जाणवेल, आणि नवी कॉटर पिन घाला. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर हबला हात लावून बघा: कोमट ठीक, हात टिकत नसेल तर ग्रीस नाही किंवा नट जास्त आवळलाय. धरणाच्या काठी ट्रेलर पाण्यात उतरवण्याआधी हब गार होऊ द्या. गरम हब गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

कागदपत्रांत ट्रेलर हे कायद्याने स्वतंत्र वाहन आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६१ नुसार त्याची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरवरही दिसला पाहिजे. बनवून घेण्याआधीच संगम पुलाजवळच्या आरटीओत नोंदणीच्या अटी विचारून घ्या. आधी वेल्डिंग आणि मग चौकशी हा क्रम महागात पडतो. विम्यात ट्रेलरचा उल्लेख करून घ्या.

पोचल्यावर आधी चाकांना ठोकळे, मग जॅक खाली, मग प्लग, केबल आणि साखळ्या, आणि शेवटी कपलर. माल उतरवायचा असेल तर ट्रेलर गाडीला जोडलेलाच ठेवा आणि मागून सुरुवात करा. पुढचा माल आधी काढला आणि कपलर सुटा असला, तर ट्रेलर शेपटावर बसतो आणि दांडा हनुवटीच्या उंचीला उसळतो.