खपलीतली प्रतिकारशक्ती पोळीच्या गव्हात आणताना

दादरच्या दुकानांत खपली गव्हाचं पीठ महाग विकलं जातं ते 'पचायला हलकं' या ख्यातीवर. गव्हाच्या पैदाशीत मात्र तिचं नाव काळ्या तांबेऱ्याला, म्हणजे गव्हावरच्या एका बुरशीजन्य रोगाला, असलेल्या प्रतिकारामुळे आहे. एसआर १३ आणि एसआर १४ ही प्रतिकारक जनुकं खपलीतूनच आली.

पण शेतात गव्हाचा एखादा वाण हिरवागार राहिला म्हणून तो लगेच प्रतिकाराचा स्रोत ठरत नाही. त्याच्यावर बुरशीचे बीजाणू पोचलेच नसतील, किंवा लवकर पिकून तो निसटला असेल. म्हणून रोपावस्थेत चाचणी. साधारण ७-८ दिवसांच्या रोपाचं पहिलं पान पुरतं उघडलं की हलक्या खनिज तेलात मिसळलेले बीजाणू फवारायचे, तेल उडू द्यायचं आणि रोपं सुमारे १६ तास अंधारात, दमट पेटीत ठेवायची. पुढची पायरी हमखास चुकते. काळ्या तांबेऱ्याची बुरशी पानात शिरायची तर अंधारानंतर, पान ओलं असतानाच, भरपूर उजेड लागतो. तो मिळाला नाही तर सगळाच ट्रे निरोगी राहतो आणि आपण उगाच खूश होतो! यासाठी प्रत्येक ट्रेमध्ये आग्रा लोकलसारखा रोगाला बळी पडणारा वाण हवाच. त्यावर मोठे फोड आले नाहीत तर त्या ट्रेच्या नोंदी बाद.

दोनेक आठवड्यांनी पानांवरच्या लक्षणांना ० ते ४ श्रेणी द्यायची. नुसता फिकट ठिपका म्हणजे पेशींनी मरून बुरशीची वाट अडवली. ३ किंवा ४ म्हणजे रोग जिंकला. तापमानही लिहून ठेवावं. एसआर ६ थंडाव्यात चालतं, उन्हाळी उबेत ढेपाळतं. एसआर १३ चं उलट.

रोपावस्थेतच चाळणी लावून मोकळं होणं मात्र महागात पडतं. यारोस्लाव्ह एमर या खपलीच्याच प्रकारातल्या गव्हातून आलेलं एसआर २ रोपात जवळजवळ दिसतच नाही. मोठ्या झाडावर ते रोगाची गती मंदावतं. शेतात तुसांवर आणि पेरांवर काळसर झाक दिसली तर त्याची शंका घ्यावी.

खरी कटकट संकरात. खपलीत २८ गुणसूत्रं, पोळीच्या गव्हात ४२. संकरित झाडात ३५, त्यामुळे दाणे कमी भरतात. पोळीचा गहू मादी ठेवला तर बरं, आणि पुढचे संकरही त्याच्याशीच. काही जोड्यांत नेक्रोसिसची, म्हणजे पेशी मरण्याची, दोन पूरक जनुकं एकत्र येतात नि झाड पानापानाने वाळत जातं. तिथे पोळीच्या गव्हाचा वाण बदलणं हाच उपाय. शिवाय पोळीच्या गव्हातल्या जादा गुणसूत्रांवर दडपणारी जनुकं असू शकतात, त्यामुळे खपलीत ठळक दिसलेला प्रतिकार संकरानंतर गायब होतो. म्हणून दर पिढीत पुन्हा बुरशी सोडून बघायचं.

दुसऱ्या पिकातून आयता मिळालेला गुणसूत्राचा मोठा तुकडाही निर्धोक नसतो. राईच्या गुणसूत्राच्या तुकड्यासोबत एसआर ३१ आलं, पण कणीक चिकट होऊ लागली. वर युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या, पुढे यूजी ९९ म्हटल्या गेलेल्या बुरशीच्या वंशाने तेही निष्प्रभ केलं.