दादाचं पोट आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर

आमच्या दादाला कोणी जाडा म्हणणार नाही, हातपाय बारीक, शर्ट इन केला की पोट तेवढं पुढे येतं, आणि घरात सगळे "खात्यापित्या घरचा आहे" म्हणून सोडून देतात. गेल्या महिन्यात कोथरूडच्या डॉक्टरांनी वजनकाट्याच्या आधी टेप काढली, कंबर ९६ सेंटीमीटर! आपल्याकडे पुरुषांची ९० च्या आत हवी, बायकांची ८० च्या. रक्तात सीआरपी (सूज असली की वाढणारं प्रथिन) पण वाढलेला, म्हणजे अंगात आतून, न दिसणारी सूज, आणि ना ताप ना खोकला. मग मी वाचतच बसले.

मला वाटायचं चरबी म्हणजे बरणीत भरून ठेवलेलं तूप, नुसता साठा. पण पोटातली चरबी सारखी रक्तात काहीतरी सोडत असते. तिच्या पेशी फुगतात, काही मरतात, ते साफ करायला पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि टीएनएफ, आयएल-६ असे सूज वाढवणारे पदार्थ तयार व्हायला लागतात. आयएल-६ लिव्हरपर्यंत पोचलं की लिव्हर सीआरपी बनवतं, तोच दादाच्या रिपोर्टमधला.

मार बसतो तो एंडोथेलियमला. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर, फक्त एका पेशीच्या जाडीचं. ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं म्हणून वाहिनी सैल राहते, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. सूज टिकून राहिली की नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी आखडते, गुळगुळीत अस्तर चिकट होतं, मग पांढऱ्या पेशी तिथे अडकून आत शिरतात, कोलेस्टेरॉल गिळून फुगतात आणि ब्लॉकेज तिथूनच सुरू होतं. हे सगळं होताना काहीच दुखत नाही, मला याचीच जास्त भीती वाटते.

आणि यात आपल्या पुण्याचं काम केवढं मोठं आहे! इथल्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबतचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा माणूस आतून कसा असू शकतो ते एका फोटोत कळतं.

दादा आता रोज सकाळी माझ्याबरोबर तळजाईला येतो, चढावर दम लागतो त्याला, थांबत थांबत चढतो. आणि काल आईच्या शिलाई मशीनमधली टेप काढून मी माझी पण कंबर मोजली. ८४ आली.