आंबो वाडीत, केरी टोपलीत

बडोद्याला राहायला आल्यावर पहिल्याच मे महिन्यात मी खंडेराव मार्केटात एका फळवाल्यासमोर जाऊन उभी राहिले आणि मोठ्या आत्मविश्वासानं विचारलं, "आ आंबो केवो छे?"

त्यानं आधी टोपलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आंबो तो वाडीमां छे, बेन. अहीं तो केरी छे."

आंबो म्हणजे झाड. फळ झालं की ती केरी. मग ते दात आंबवणारं हिरवं असो, नाहीतर पिकून घमघमणारं केसर. माझ्या सातारी कानांना केरी म्हणजे लोणच्याची कैरी, म्हणून मी घाईघाईनं म्हटलं, "पाको जोईए, पाको!" तर तो शांतपणे, "पाको नहीं, पाकी." एक डझन घेतले तेवढ्यात दोन चुका झाल्या. भाव करायचं राहूनच गेलं.

मराठी माणसाला गुजराती सोपी जाते असं सगळे सांगतात. ते खरंही आहे आणि तीच पंचाईत आहे. हिंदीनं संस्कृतातलं तिसरं लिंग टाकून दिलं, बंगालीनं तर व्याकरणातलं लिंगच सोडलं. मराठी, गुजराती आणि कोकणीनं मात्र तिन्ही जपून ठेवली. मुलगा, मुलगी, मूल; छोकरो, छोकरी, छोकरुं. आमच्या ऑफिसात कानपूरचा एकजण होता. तो बिचारा 'पाणी पीधो' म्हणायचा आणि लोक हसले की विचारायचा, पाण्यात आणखी तिसरं काय असू शकतं? मी बाजूला बसून मोठ्या बहिणीच्या थाटात 'पीधुं, पीधुं' करत असे. दारावर थाप पडली की आपण 'कोण आलं?' म्हणतो, गुजराती माणूस 'कोण आव्युं?' म्हणतो. समोर कोण आहे ते कळेपर्यंत दोघंही त्याला नपुंसकलिंगात थांबवून ठेवतात. हिंदीवाला 'कौन आया' म्हणून दार उघडण्याआधीच त्याला पुरुष करून टाकतो.

'नपुंसक' हा शब्द मला शाळेपासून खटकत आलाय. ज्या लिंगात पाणी, घर, दूध, मन आणि मूल राहतात, त्याला असलं नाव? गुजराती व्याकरणात त्याला एक फार सभ्य नाव आहे : नान्यतर जाति. न अन्यतर, म्हणजे दोहोंपैकी एकही नाही. बस्स. कसली उणीव नाही, टोमणा नाही.

तर अशी मी, तिन्ही लिंगं घरूनच घेऊन आलेली. ट्रेन आवी, फोन आव्यो, स्टेशन आव्युं. इंग्रजी शब्दांची लिंगंसुद्धा आपल्यासारखीच. माणूस अशानं बेसावध होतो. मग एके दिवशी शेजारच्या बांकडे बसून घोट घेत म्हणाले, "बा, चा बहु सारो छे."

बा म्हणजे पंचाहत्तरीच्या, पांढरी साडी, चष्म्याची दांडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी कप खाली ठेवला. "सारी, बेटा. चा सारी छे."

आपला चहा पुरुष, त्यांची चा बाई. आपण तिकीट काढलं म्हणतो, ते टिकिट लीधी. आपलं पेन, त्यांची पेन. आपला गळा दुखतो, त्यांचं गळुं. आपला कपडा फाटतो, त्यांचं कपडुं. आपला आठवडा त्यांच्याकडे जाऊन अठवाडियुं होतो. शेवटी ओ आला की पुल्लिंग, ई आली की स्त्रीलिंग, उं आला की नान्यतर, असा एक नियम नवशिक्याला पहिल्याच दिवशी मिळतो आणि तो बराचसा चालतोही. पण पाणी, घी, दहीं, मोती या सगळ्या ई-वाल्या मंडळींनी तो ऐकलेलाच नाही; चौघंही नान्यतर. त्यात दह्यापाण्याचं आपल्याला नवल नाही, पण मोती? साताऱ्यात मोती 'तो' होता. सराफाकडे जाऊन 'मोती साचो छे?' असं विचारलं, तर मोत्याआधी माझीच पारख झाली.

मीठुं हा यातला सगळ्यात अवली शब्द. मीठो आणि मीठी फक्त गोड असतात. मीठुं गोडही असतं आणि मीठही असतं. बा आतून ओरडल्या, "शाकमां मीठुं ओछुं छे", तेव्हा मी मनात म्हटलं, भाजीत गूळ घालून झालाय, आता आणखी गोड किती करणार?

लिंगाचा खरा अभ्यास माझा बांच्या स्वयंपाकघरातच झाला. तिथं लिंग म्हणजे माप असतं. जाडजूड बाजरीचा तो रोटलो, पातळ गव्हाची ती रोटली. डाव म्हणजे चमचो, साखर ढवळायची ती चमची. मोठा छरो, भाजी चिरायची छरी. हे आपल्यालाही नवं नाही. सुरा-सुरी, विळा-विळी आहेतच. पण गुजरातीत पुष्कळदा तिसरं भावंडही पुढे येतं आणि त्याचा स्वभाव सांगता येत नाही. दोरो म्हणजे सुईतला, दोरी म्हणजे पुडी बांधायची, आणि दोरडुं म्हणजे चांगला विहिरीवरचा दोर. म्हणजे इथं नान्यतर सगळ्यांत दांडगं. गाडी रुळांवर धावते, नाहीतर दारात उभी असते, आणि गाडुं म्हणजे बैलगाडी. आपल्याकडे तिथं गाडा असतो, पुरुष आणि जडशीळ. मी बांना विचारलं, की गाडुं नान्यतर का? त्या रोटली फुगवत म्हणाल्या, "बळद ने पूछ." बैलाला विचार.

क्रियापदाची खोच मला सगळ्यात उशिरा कळली. आपण 'मी मुलीला पाहिलं' म्हणतो. 'ला' चिकटला की आपलं क्रियापद हात झटकून नपुंसकलिंगात जाऊन बसतं. मुलगा असो, मुलगी असो, पाहिलं. गुजराती क्रियापद असं अंग काढून घेत नाही. 'ने' लागला तरी ते पलीकडे डोकावून बघतंच : छोकराने जोयो, छोकरीने जोई. मला हे ठाऊक नव्हतं. एकदा बांना सांगितलं, "में तमारी बेनने बजारमां जोयुं."

"जोई," बा म्हणाल्या.

"जोई शानुं? जोयां," त्यांची सून आतून म्हणाली. "मासीबा तो मोटां छे."

इथं माझी गाडी अडली ती दोन दिवस अडली. मावशी एकटी, बाई, आणि क्रियापद 'जोयां'? ते तर नान्यतराचं अनेकवचन! मग लक्षात आलं, की आपण मानानं 'बाई आल्या' म्हणू शकतो, कारण आपल्याकडे आली आणि आल्या वेगळे आहेत. गुजरातीत एक छोकरी आवी आणि दहा छोकरीओही आवी. मान द्यायला अनेकवचन हवं, ते स्त्रीलिंगात वेगळं शिल्लकच नाही, तर नान्यतराच्या घरून मागून आणायचं. बापुजी आव्या, बा आव्यां. अक्षर तेच, वर एक टिंब आणि नाकातून जरासा हुंकार. 'मारी बा' म्हटलं की लाडाची आई, 'मारां बा' म्हटलं की चारचौघांतली आई. कोकणीत तर याच्या बरोबर उलट चालतं, तिथं लहानग्या मुलीला नपुंसकलिंगात बोलावतात, चेडूं आयलें. एकाच लिंगानं कोकणी लेकीचे लाड करते आणि गुजराती आजीला पाट मांडते.

त्या टिंबानं मला आजोबांची पत्रं आठवली. 'मुलें सुखरूप पोंचलीं' असं ते लिहायचे. 'ली'वरचा तो अनुस्वार म्हणजे नपुंसकलिंगी अनेकवचनाचंच टिंब. आपण ते उच्चारायचं केव्हाच सोडलं होतं आणि १९६२च्या नियमांनी कागदावरूनही पुसून टाकलं. म्हणून आज 'मुलगी आली' आणि 'मुलं आली' दिसायला सारखेच. लिहिताना सोय झाली, तक्रार नाही. पण बा नाकातून 'आव्यां' म्हणतात तेव्हा आजोबांचं अक्षर दिसतं.

घरात शंका आली की मी सार्थ जोडणीकोश उघडते. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठानं तो पहिल्यांदा १९२९ साली काढला. शब्दापुढे बारीक अक्षरात पुं., स्त्री., न. असं छापलेलं असतं आणि माझी नजर अर्थाआधी तिथंच जाते. धीर हवा असला की काका कालेलकर आठवते. जन्म साताऱ्याचा, मातृभाषा मराठी, आणि गुजराती अशी लिहिली की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. ज्यांच्या गावचे लोक चहाला 'तो' म्हणतात त्यांना हे जमलं. त्यांनाही पहिल्या वर्षी कुणी 'सारो नहीं, सारी' म्हणालं असेल का, हे मात्र कुठं वाचलेलं नाही.

उलट दिशेनं येणाऱ्यांचेही हाल असतात. बांना मराठी थोडी येते, शेजारधर्मानं. निघताना त्या दारात म्हणतात, "मी येतो हं." पहिल्यांदा मी तोंडाला पदर लावला. पण त्यांची तरी काय चूक? गुजरातीत 'हुं जाउं छुं' बाप्याचंही आणि बाईचंही; वर्तमानकाळात कुणी लिंग विचारतच नाही. 'ए' म्हटलं की तो, ती, ते तिन्ही. त्यांच्या मते मराठीत साधं घरी जायचं तरी आधी आपण कोण ते जाहीर करावं लागतं. मी त्यांना 'येते' शिकवलं. आठवडाभर त्या 'येते' म्हणाल्या. मग एका संध्याकाळी बापुजींना सोबत घेऊन आल्या आणि निघताना त्यांच्या वतीनंही म्हणाल्या, "चला, बापुजी पण येते."

परवा साताऱ्याला फोन केला. आईची दुपारची वेळ, म्हणून सहज विचारलं, "काय गं, चहा झाली का?"

पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही.

"माझा झाला," आई म्हणाली. "तुझी कधीपासून व्हायला लागली?"