थंडी नेमकी कुणाला वाजते?

कोल्हापूरच्या थंडीला निफाडची माणसं थंडी म्हणणार नाहीत. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १४-१५ अंशांवर येतो, एखाद्या दिवशी त्याच्याही खाली उतरतो, आणि रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांच्या माना मफलरात जातात. दहा-अकरा वाजले की तेच मफलर गाडीच्या डिकीत. आमची थंडी अर्धवेळ नोकरी करते. पण घरात दोन लहान पोरं असली तर तेवढीही पुरते, कारण तिची ड्यूटी नेमकी त्यांना उठवायच्या वेळेला लागलेली असते.

माझं मत असं झालंय, की थंडी पोरांना वाजतच नाही. ती आईला वाजते, आज्जीला जरा जास्तच वाजते, आणि स्वेटर मात्र पोरांच्या अंगावर चढतात. डॉक्टर वेगळं सांगतात. वजनाच्या मानानं लहान मुलांच्या कातडीचा पसारा मोठा असतो, त्यामुळं त्यांचं अंग मोठ्या माणसापेक्षा लवकर गार पडतं. मला हे पटतं. पटत नाही ते आमच्या तीन वर्षांच्या धाकटीला. गार फरशीवर अनवाणी धावायला तिला डिसेंबरातच जोर येतो. पायात घातलेले मोजे ती काढते आणि भावलीच्या डोक्यात घालते. भावलीला सर्दी झालीय म्हणे.

दोघं झोपतात एका वाकळेत. वाकळ आज्जीची, तिच्या जुन्या सुती लुगड्यांचे थर घालून गावाकडं शिवून घेतलेली. दुकानातलं मऊ ब्लँकेट रात्रीत कधी पलंगाखाली जातं कळत नाही. वाकळ जाग्यावर राहते, तिला वजन आहे. तिच्यातला एक हिरवा तुकडा थोरल्याला तोंडापाशीच लागतो. वाकळ उलटी पडली तर मध्यरात्री मला उठवून ती फिरवून घेतो आणि पुढच्या मिनिटाला घोरतो. मी जागा.

सकाळी ती सोडवायची म्हणजे कसरत.

"ऊठ की रं, रिक्षा येईल."

"येऊ दे की."

धाकटीला तर अजून शाळाच नाही, तरी ती आतून बजावते, "मी न्हाई उठत. मी झोपतो."

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, असं २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं. मुलांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय चांगलाच. पण रिक्षामामांची फेरी गल्लीबोळातून फिरत जाते आणि त्या फेरीत आमचं घर पहिलं. त्यामुळं शाळेचे नऊ म्हणजे आमचे आठला दहा कमी. मामांनी थंडीसाठी दोन्ही बाजूंना जाड प्लॅस्टिकचे पडदे लावलेत. आत पोरांच्या श्वासानं त्यावर वाफ धरते आणि शाळा येईपर्यंत सगळी मिळून बोटांनी चित्रं काढत बसतात. घरी याच थोरल्याला चित्रकलेची वही काढ म्हटलं की त्याचं पोट दुखतं.

आंघोळीचा तंटा वेगळा. दोघंही आधी मोरीत यायला तयार नसतात आणि एकदा आली की बाहेर पडायला तयार नसतात. आज्जी बंबाच्या काळातली. अंगाला चटका बसल्याशिवाय आंघोळ झाली असं तिला वाटत नाही, त्यामुळं गिझर किती तापवायचा यावर रोज सासू-सुनेत वाटाघाटी. आंघोळीनंतर कोकमाचं तेल. याला तेल का म्हणतात कोण जाणे, असतो पांढरट कडक गोळा. आमच्याकडं तो वैभववाडीच्या नातेवाइकांकडून, करूळ घाट चढून येतो. त्याचा टवका पळीत घ्यायचा, पळी गॅसवर क्षणभर धरायची, वितळला की बोट पोळणार नाही एवढा निवू द्यायचा आणि फुटलेल्या ओठांना, गालांना, टाचांना लावायचा. थिजायच्या आत दोन पोरांचे चार गाल गाठायचे असतात. धाकटीचा एक तरी हुकतो. मग एका गालावर पांढरा थर घेऊन ती शेजारी चहा-बिस्किटाला जाऊन येते.

खाण्यावरून जे काही होतं ते लिहीत नाही. केळं नको, पेरू नको, दही तर नावच काढू नको, असं आज्जीचं पथ्य. डॉक्टरांचं म्हणणं, सगळं द्या. पोरं ज्याच्याकडून पेरू मिळेल त्याच्या बाजूची.

गंमत येते ती रविवारी, गुऱ्हाळावर. पन्हाळ्याच्या रस्त्याला मेहुण्याच्या ओळखीचं एक आहे. आता गुऱ्हाळं कमी झालीत, ऊस कारखान्याला जातो आणि गुऱ्हाळाला माणूस मिळत नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकन काही चुलवणात चिपाडं घालायला येत नाही. जी चालू आहेत तिथं पोरांना न्यायची हीच वेळ. घाण्यातून रस काहिलीत पडतो. खाली वाळलेल्या चिपाडांचा जाळ. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी घालतात, त्यासरशी मळी वर येते आणि ती काढून टाकतात. मग नुसतं उकळणं. हिरवट रस पिवळा होतो, पिवळ्याचा तांबूस, आधीचे मोठे बुडबुडे बारीक आणि जड होत जातात. गुळव्या मध्येच थोडा पाक गार पाण्यात टाकून बोटांनी वळून बघतो. गोळी झाली की आरोळी ठोकतो, आणि चार गडी काहील उचलून गूळ गार करायच्या वाफ्यात पालथी करतात. पोरांनी त्या वेळी लांब थांबायचं, याबाबत तिथला कुणीही माणूस लाड करत नाही.

थोरल्यानं ती भरलेली काहील बघितली होती. शेवटी गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, भरून झाल्यावर तो हिशेबाला बसला. शंभर किलो उसाला दहा-बारा किलो गूळ पडतो, हे ऐकून त्याचा विश्वासच बसेना.

"बाकीचा कुठं गेला मग?"

गुळव्यानं वर छपराकडं बोट केलं. "वर गेला की. बघत तर हुतास."

चुलवणापाशी दोघांनी आपणहून स्वेटर काढले. आज्जी शेजारीच काकवीचा डबा धरून बसली होती. तिनंही घाला म्हटलं नाही, तिला उकडत होतं.

आमच्याकडं हिवाळा कधी सुरू झाला हे कॅलेंडरपेक्षा अंबाबाईच्या देवळात नीट कळतं. देऊळ पश्चिमेला तोंड करून. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात. पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. ढग आले की हुकतं. मग सूर्य दक्षिणेला आणखी खाली जातो, २२ डिसेंबरच्या सुमारास वळतो, आणि परत त्याच जागी आला की ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा किरणोत्सव. आमची सगळी थंडी या दोन किरणोत्सवांच्या मध्ये मावते. गर्दीत खांद्यावर बसलेल्या थोरल्यानं विचारलं, "अंबाबाईला थंडी वाजते व्हय?" आज्जी म्हणाली, "वाजत असंल की." तिच्या हिशेबात ज्याच्यावर जीव आहे त्या सगळ्यांना थंडी वाजते.

या दोनांच्या मधेच संक्रांत. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, पावटा, घेवडा, वांगं, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे घातलेली भाजी आणि वर लोण्याचा गोळा. भाजीतून पोरं फक्त सोलाणे वेचून खातात. त्यानंतर रथसप्तमीच्या आत धाकटीचं बोरन्हाण. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार. फोटो काढेपर्यंत तिनं हाराचा खालचा पदर खाल्लेला होता. बायकांनी डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, हलवा, भुईमुगाच्या शेंगा आणि हल्लीच्या रिवाजानं चॉकलेटं ओतली, आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं खाली पडली. थोरला मात्र हाताची घडी घालून भिंतीला टेकून उभा. बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच असतं आणि तो आता सहाचा, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आज्जीनं सुपात उरलेले चुरमुरे बघितले, त्याला ओढून पाटावर बसवलं आणि सगळं सूप त्याच्यावर रितं केलं. "सहा तर सहा. कोण मोजायला आलंय?"

घर दोनदा झाडलं. तरी हलवा दिवाणाच्या फटीत गेलाच, आणि शिमग्यापर्यंत आमच्याकडं मुंग्यांची रांग होती.